मामंजींची वही आणि सात पोत्यांचा हिशेब



या उन्हाळ्यात आमच्या घरासमोरचे अंगण उंच करून घेतले. काम लहानच होते, पण त्या निमित्ताने जुनी लोखंडी पेटी उघडली, तिच्यातून मामंजींची वही निघाली आणि चाळीस वर्षांपूर्वीचे पुष्कळ काही वर आले. मागे दिवाळीच्या साफसफाईवर लिहिले तेव्हा काही मैत्रिणींनी विचारले होते, की जुन्या वह्या ठेवून काय करता. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी कामाचे कारण सांगते. नागपुरात गेल्या काही वर्षांत डांबरी रस्ते जाऊन सिमेंटचे रस्ते झाले. आमच्या गल्लीतही झाला. रस्ता चांगला आहे, खड्डे नाहीत. पण तो जुन्या रस्त्यावरच चढवला गेला आणि आमचे अंगण रस्त्यापेक्षा चांगले वीतभर खाली गेले. दोन पावसाळे गल्लीचे पाणी फाटकातून आत येऊन पायरीला लागले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीने आणि अंबाझरीच्या पाण्याने शहराचे काय केले ते सगळ्यांनी पाहिले. आमच्याकडे त्या मानाने काहीच झाले नाही, पण सासूबाई त्या पहाटे पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, ते विसरता येत नाही. त्यांचे वय आता शहाऐंशी आहे. अंगणातून घरात यायला तीन पायऱ्या, त्याही त्यांना जड जातात. अंगण सात इंच उचलले तर पाणी थांबेल आणि एक पायरी कमी होईल, असा आमचा विचार झाला.

मिस्त्रींना बोलावले. त्यांनी अंगणात एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पंधरा पोते लागते, काकू."

मी म्हटले, "कसे?"

"अंदाजानं."

आता मी बी.कॉम. झालेली बाई. नोकरी केली नाही, पण गेली चाळीस वर्षे घराचा जमाखर्च मीच लिहिते. 'अंदाजानं' हा शब्द मला पचत नाही. मनात लगेच आले, की सात-आठ पोत्यांचे काम असेल आणि उरलेली पोती दुसऱ्या साइटवर जातील. मिस्त्रींना म्हटले, उद्या सांगते. आणि मामंजींची वही शोधायला गेले, कारण आमच्या मागच्या खोलीच्या स्लॅबचा हिशेब त्यात होता हे मला आठवत होते.

वही उघडली तर १९८१ सालच्या पानांवर एकच नोंद पुन्हा पुन्हा. तारीख, आणि पुढे: "सिमेंट – नाही."

आजच्या मुलांना याचा अर्थ लागणार नाही. फोन केला की तासाभरात पोती दारात पडतात. म्हणून थोडा इतिहास सांगते.

आपल्याकडे आधी चुनाच होता. इतवारी, महाल भागातले जुने वाडे चुन्याचे. काळ्या मातीत चुनखडे सापडतात, ते भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे आणि वाळू किंवा विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून घाणीत मळायचे. घाणी म्हणजे गोल चर आणि त्यातून बैलाने फिरवायचे दगडी चाक. कोणी त्यात गुळाचे पाणी घालत, कोणी बेलफळाचे. चुना सावकाश घट्ट होतो, वर्षानुवर्षे होत राहतो. घाईचा माणूस चुन्याने घर बांधू शकत नसे.

रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून पाण्यातही टिकणारे काँक्रीट करीत. ती विद्या पुढे मागे पडली. १८२४ मध्ये इंग्लंडच्या लीड्स गावातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून भुकटी केली आणि तिचे पेटंट घेतले. ती घट्ट झाली की पोर्टलंड बेटावरच्या दगडासारखी दिसते, असे त्याचे म्हणणे. म्हणून नाव पोर्टलंड सिमेंट. आजही आपल्या पोत्यावर ते नाव छापलेले असते. आणि काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याचे पेटंट १८६७ मध्ये घेणारा जोसेफ मोनिये हा फ्रान्समधला माळी होता. झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने त्यात लोखंडी जाळी घातली. आपण बायका कुंड्यांवर उगाच जीव टाकत नाही!

भारतात १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना नीट सुरू झाला आणि १९१५ मध्ये कटनीला. कटनी तेव्हा मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांताची राजधानी आपले नागपूर. म्हणजे सिमेंट आपल्याकडे फार लांबून आलेले नाही. लोकांना सुरुवातीला विलायती सिमेंटच खरे वाटे. सिमेंट कसे वापरावे हे शिकवण्यासाठी १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. कारखान्यांच्या आपसातल्या भावयुद्धाला कंटाळून १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र आल्या आणि एसीसी झाली.

स्वातंत्र्यानंतर धरणे, कालवे, कारखाने, सगळ्यालाच सिमेंट हवे झाले. भाव सरकारने बांधलेला, माल अपुरा. त्यातून आले परमिट. घराचा नकाशा, अर्ज, शिक्के, आणि मग मिळतील तेवढी पोती. बांधलेल्या भावाने मिळत नसे आणि काळ्या बाजारात हवे तेवढे असे. महाराष्ट्रात तर सिमेंटने मुख्यमंत्र्यांची खुर्ची घालवली. बॅ. अंतुले यांच्या काळात बिल्डरांना मिळालेले सिमेंटचे कोटे आणि त्यांनी एका प्रतिष्ठानाला दिलेल्या देणग्या यांचा संबंध होता, असा निकाल जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी दिला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. त्या दिवसांत सिमेंट हा शब्द रोज पहिल्या पानावर असे.

मी लग्न होऊन या घरात आले ती १९८१ च्या डिसेंबरात. मामंजी इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवर मुनीम होते. लेआउटमध्ये प्लॉट घेऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. मागची तिसरी खोली, म्हणजे आमची, भिंतीपर्यंत येऊन थांबली होती. वर टिन. अर्ज केलेला, परमिट नाही. वहीतल्या "नाही" त्या अर्जाच्या फेऱ्यांच्या.

त्याच सुमारास एक ओळखीचा माणूस घरी आला. कुठल्याशा सरकारी कामावरची चाळीस पोती तो रात्री आणून टाकणार होता. भाव काळ्या बाजाराच्या निम्मा. मी नवी सून, आतून ऐकत होते. मामंजींनी त्याला पाणी दिले, चहा दिला आणि हात जोडले. तो गेल्यावर सासूबाई संतापल्या. "सून टिनाखाली राहील, आणि तुम्ही व्रत सांभाळा!" त्या बोलल्या ते खोटे नव्हते. नागपूरचा मे महिना टिनाखाली काढलेल्यांनाच तो कळतो.

मामंजी एवढेच म्हणाले, "मी रोज दुसऱ्याचे माप मोजतो. माझ्या घरात चोरीचे माप कसे आणू?"

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत आपण ते पाठ करतो आणि पुढे जातो. त्या परमिटच्या दिवसांकडे पाहून ते वाचा. चोरीला उत्तेजन देणे. चोरून आणलेला माल घेणे. राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे. मापे कमी-जास्त ठेवणे. चांगल्यात हलके मिसळून विकणे. सिमेंटच्या टंचाईत हे पाचही रोज घडत होते. पोत्यात राख मिसळत, वजन कमी भरत, सरकारी माल खाजगी घरात जाई. सूत्र लिहिणाऱ्याने सिमेंट पाहिले नव्हते, पण माणूस पाहिला होता.

फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस सरकारने नियंत्रण सैल केले. जुन्या कारखान्यांनी दोन तृतीयांश माल बांधलेल्या भावाने सरकारला द्यायचा, उरलेला खुल्या बाजारात विकायचा. पुढे १ मार्च १९८९ ला नियंत्रण पूर्ण उठले. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी भरपूर. घुग्घुसला कारखाना होताच, ऐंशीच्या दशकात गडचांदूर, आवारपूर भागात आणखी उभे राहिले. ज्या सिमेंटसाठी मामंजींनी चपला झिजवल्या, ते आपल्या विदर्भातून देशभर जाऊ लागले.

मामंजींनी खुल्या भावाने सिमेंट घेऊन १९८३ च्या मे महिन्यात स्लॅब टाकला. चातुर्मासात खोदकाम-बांधकाम नको, म्हणून पावसाळ्याआधीच. ती तारीख वहीत लाल शाईने आहे. सकाळी सातला सुरू झाले, पंधरा-वीस रेजा घमेली घेऊन ओळीने शिडीवर. सासूबाईंनी सगळ्यांसाठी वरण-बट्टी आणि वांग्याऐवजी भोपळ्याची भाजी केली आणि सूर्यास्ताच्या आत पंगत उठवली. राग होता, तरी पंगतीत काही कमी पडू दिले नाही.

आता खरे सांगते, कारण अर्धे सांगितले तर हा लेख बोधकथा होईल. आमचा तो स्लॅब गळतो. दहा-बारा वर्षांत बारीक भेगा दिसल्या, मग कोपऱ्यातले लोखंड गंजून पापुद्रे पडले. दोनदा दुरुस्ती केली. आणि आमच्या गल्लीत ज्यांनी त्या माणसाची पोती घेतली, त्यांचा स्लॅब आजही ठणठणीत आहे.

पुष्कळ वर्षे मला याचे कोडे होते. सासूबाई तर पावसाळ्यात पातेले ठेवता ठेवता म्हणत, "व्रताचा स्लॅब!" उत्तर वहीतच होते. स्लॅबनंतरच्या पानावर मामंजींनी पाण्याच्या नोंदी ठेवल्या आहेत. चार दिवस पाणी मारल्याचे लिहिले आहे आणि पुढे: "विहीर तळाला. पाणी बंद." विहिरीचे पाणी ते गाळून घेत आणि जिवाणी पुन्हा विहिरीत सोडत, तळाला गेल्यावर उपसा थांबवला. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. साध्या सिमेंटला निदान सात दिवस ओल हवी, आपल्यासारख्या कोरड्या उन्हात किंवा राख मिसळलेल्या सिमेंटला दहा. मे महिन्यात चार दिवसांनी ओल तोडली, तर सिमेंट शुद्ध असो की चोरीचे, भेग पडणारच. व्रताने आत्मा राखला जातो. स्लॅब पाण्याने राखला जातो. दोन्ही हिशेब वेगळे आहेत आणि दोन्ही करावे लागतात.

आता या उन्हाळ्याचा हिशेब. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर देते.

अंगण १२ फूट बाय १० फूट. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर थेट कोबा केला तर तो उचलला जातो. म्हणून आधी वरची माती काढून मुरूम भरला, धुमस मारून घट्ट केला. त्यावर चार इंच काँक्रीट. चार इंच म्हणजे एक तृतीयांश फूट. १२ गुणिले १० गुणिले एक तृतीयांश, झाले ४० घनफूट.

पण ४० घनफूट कोरडा माल आणला तर पुरत नाही. गिट्टीच्या फटीत रेती जाते, रेतीच्या फटीत सिमेंट, आणि माल बसतो. म्हणून १.५४ ने गुणायचे: ६१.६ घनफूट. प्रमाण १:२:४ धरले, म्हणजे एकूण सात भाग. एका भागाला ८.८ घनफूट. पन्नास किलोचे पोते साधारण सव्वा घनफूट. ८.८ भागिले १.२५, सात पोती. रेती १७.६ घनफूट, गिट्टी ३५.२ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे रेती पाव ब्रासपेक्षा कमी, गिट्टी सुमारे एक तृतीयांश ब्रास. सांडलवंडीला एक पोते जास्त धरा. स्लॅबला मात्र हे प्रमाण चालवू नका, तिथे इंजिनिअर सांगेल तेच.

मामंजींच्या वहीत समासात एक सूचना आहे: "रेती कोरडी मापावी." ओली रेती फुगते, पाव हिश्श्यापर्यंत जास्त दिसते. घमेल्याने मापली तर प्रत्यक्षात रेती कमी पडते. हे मुनीमालाच सुचणार!

मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, रेडी मिक्सची गाडी मागव." त्या गाडीत सहा घनमीटर माल येतो. आमचे ४० घनफूट म्हणजे सव्वा घनमीटरही नाही. हाताने कालवण्याचेच काम.

हिशेबाचा कागद घेऊन मी मिस्त्रींपुढे बसले. सूर जरा चढलाच होता. "सात पोती होतात. आठ धरू. पंधरा कुठून आणली?"

त्यांनी कागद पाहिला आणि शांतपणे बाजूच्या मातीकडे बोट दाखवले. "हे धरलं का तुमी?"

अंगणाच्या बाजूला १२ बाय ८ फुटांची मोकळी जागा आहे. तिथे पारिजातक, तुळस आणि सासूबाईंची जास्वंद. त्यांनी ती जागाही धरली होती, कारण हल्ली सगळे घरमालक भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबाच मागतात. मी पुन्हा आकडे मांडले. २१६ चौरस फूट, ७२ घनफूट, कोरडा माल ११०.९, तेरा पोती. नासधूस धरून चौदा-पंधरा. त्यांचा अंदाज माझ्या गणिताइतकाच खरा होता. खोटा होता तो माझा संशय. मी तिथेच त्यांची क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, "हिशोब तं पाह्यलाच पाहिजे, काकू."

मग प्रश्न उरला, ती माती झाकायची का? झाकली तर झाडण्याचा त्रास कमी, चिखल नाही. मोह झाला. पण आपल्या पाचव्या अणुव्रताचे नावच परिग्रह-परिमाण आहे. परिमाण म्हणजे माप; किती पुरे, ते आधी ठरवणे. नागपुरात गिट्टीखदान नावाची वस्ती आहे, नावातच दगडाची खाण. कन्हानच्या पात्रातल्या रेतीचे काय झाले ते आपण पाहतो. प्रत्येक जास्तीचे पोते कुठल्यातरी टेकडीतून आणि नदीतून येते. आणि त्या मातीत गांडुळे आहेत, मुंग्या आहेत, छपराचे पाणी तिथेच मुरते. सगळे झाकले तर ते पाणी जाणार कुठे? शेजारच्याच्या दारात. माती तशीच ठेवली. अंगणाला तिकडे दीड इंच उतार दिला.

काम एका सकाळी झाले. पाणी मी बादलीने मोजून दिले, पोत्याला पंचवीस लिटर, आणि गाळून दिले. रेजा बायकांना गंमत वाटली. पण पाणी मोजणे ही नुसती माझी खोड नाही. १९१८ मध्ये शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी असंख्य नमुने फोडून दाखवले, की सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितके काँक्रीट कच्चे. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून कामावर सगळ्यांना पाणी ओतावेसे वाटते. तिथे उभे राहावे लागते. कालवलेला माल अर्ध्या तासात टाकून घ्यायचा, आणि अंगणाचे दोन भाग करून मध्ये सांधा सोडायचा, म्हणजे भेग पडली तर सांध्यात पडते.

दुसऱ्या दिवसापासून तरटे टाकून दहा दिवस ओल ठेवली. पाण्याची वेळ सासूबाई सांभाळत. दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि तरट सुकले की हाक मारायच्या. दहाव्या दिवशी मी वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिले: सिमेंट सात पोती, एक उरले, पाणी दहा दिवस. सासूबाईंनी वही मागून घेतली. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, मला वाचायला लावले. १९८१ ची पाने मी वाचत गेले. "नाही. नाही. नाही." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "इतक्या वेळा गेले होते? मला एवढे सांगितले नव्हते."

त्या दिवशी संध्याकाळी त्या माझा हात धरून दोन पायऱ्या उतरल्या आणि नव्या अंगणातून पारिजातकापर्यंत चालत गेल्या.

उरलेले एक पोते मिस्त्रींना परत नेऊन दुकानात जमा करायला सांगितले. ठेवून उपयोग नसतो. सिमेंट तीन महिन्यांत ओल धरून कमकुवत होते. पैसे परत आले. जमेच्या बाजूला लिहिले.

लिहिण्यात काही चुकले असेल तर उत्तम क्षमा.